कानामागचे टेंगूळ आणि तेरा हजारांची अनामत

या महिन्याच्या टपालात पाळणाघराविषयी तीन पत्रे आली आणि तिन्ही नागपूरचीच आहेत. एक पत्र एका आईचे आहे, दुसरे पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचे आणि तिसरे एका आजोबांचे. पहिल्या पत्रातील तातडीच्या गोष्टी मी पत्रलेखिकेला फोन करून लगेच सांगितल्या होत्या. तरीही त्या पत्राचे उत्तर येथे सविस्तर देत आहे, कारण त्यात मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आणि पैशांचा वाद एकमेकांत असे गुंतले आहेत की ते सोडवल्याशिवाय पालकांना पुढचे पाऊल कोणते टाकावे हेच कळत नाही. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत नोकरी करते. पती वर्ध्याला नोकरीला असून रोज ये-जा करतात. आमचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. दिवाळीनंतर आम्ही त्याला मनीषनगरमध्येच, घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका काकूंच्या पाळणाघरात ठेवू लागलो. तिथे एकूण आठ मुले असतात. महिन्याला ६,५०० रुपये आणि दोन महिन्यांची अनामत म्हणून १३,००० रुपये ठरले. अकरा महिन्यांच्या एका पानी करारपत्रावर आम्ही सह्या केल्या. त्यात ‘मुलांची देखभाल मी स्वतः करीन’, ‘दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना न दिल्यास अनामत रक्कम जप्त होईल’ आणि ‘मुलास काही इजा झाल्यास पाळणाघर जबाबदार राहणार नाही’ अशी वाक्ये आहेत.

१८ मार्चच्या संध्याकाळी त्याला आंघोळ घालताना उजव्या कानामागे हात लागला, तसा तो कळवळला. केस बाजूला करून पाहिले तर सुपारीएवढे टेंगूळ होते आणि केसांच्या मुळाशी वाळलेल्या हळदीचा पिवळा पट्टा राहिला होता. आम्ही घरी हळद लावली नव्हती. काकूंना विचारले तर ‘मुले पडतातच’ एवढेच म्हणाल्या. त्याच रात्री दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून कळले की काकू त्या दुपारी बाहेर गेल्या होत्या आणि आठही मुलांकडे त्यांची पंधरा वर्षांची भाची एकटी बघत होती. त्या खोलीत मोठा लोखंडी कूलर असून त्याची वायर जमिनीवरूनच बोर्डापर्यंत नेली आहे, हेही तेव्हाच लक्षात आले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मुलाला पाठवणे बंद केले. आता काकू म्हणतात की अनामत परत मिळणार नाही आणि न सांगता सोडल्याबद्दल आणखी दोन महिन्यांचे १३,००० रुपये द्यावे लागतील. पतींचे म्हणणे आहे की सगळे फोटोंसह कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे. सासूबाई म्हणतात, शेजारचेच घर आहे, पैसे सोडून द्या आणि विषय संपवा. आम्ही काय करावे?

— एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, तुम्ही दुसऱ्याच दिवशी मुलाला पाठवणे थांबवले, हे अगदी योग्य केले. अनेक पालक ‘अनामत अडकली आहे, निदान महिना तरी भरू दे’ म्हणून पंधरा-वीस दिवस मुलाला तिथेच पाठवत राहतात. माझे सर्व वाचकांना आग्रहाचे सांगणे आहे की मूल तिथे ठेवायचे की नाही, हा निर्णय पैशांच्या हिशेबाशी कधीच जोडू नये. तो निर्णय त्याच दिवशी घ्यावा. हिशेब नंतर सवडीने करता येतो.

आता त्या टेंगळाविषयी. डोक्याला मार लागलेल्या लहान मुलाला पुन्हा पुन्हा उलटी झाली, ते नेहमीपेक्षा जास्त गुंगीत राहिले, उठवूनही नीट जागे होत नसेल, कशानेही न शमणारे रडत असेल, झटका आला, नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त आले, किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर कोणाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. मग ते जवळचे बालरुग्णालय असो, एम्स असो की मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तुमच्या मुलाला यांपैकी काही झाले नाही आणि दोन दिवसांनी बालरोगतज्ज्ञांनी तपासून सर्व ठीक असल्याचे सांगितले, हे फोनवर ऐकून मला हायसे वाटले. त्या तपासणीचा लेखी कागद, तारीख आणि डॉक्टरांनी लिहिलेले इजेचे वर्णन यांसह जपून ठेवावा. ‘कानामागे सूज’ एवढेच लिहिलेले असेल, तर आकार आणि बाजूही नोंदवून घ्यावी. डाग निळा आहे की हिरवट, यावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने ठरवता येत नाही. म्हणून फोटो काढताना तारीख-वेळ दिसेल असा काढावा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नये.

चालायला लागलेल्या मुलाच्या कपाळावर, गुडघ्यांवर आणि नडग्यांवर खरचटल्याच्या किंवा मुका मार लागल्याच्या खुणा असतातच. तशा नसतील तर मूल खेळतच नाही असे म्हणावे लागेल. याउलट कान, कानामागचा भाग, मान, दंडाची आतली बाजू, पाठ आणि कुल्ले या ठिकाणची खूण साध्या पडण्याने सहसा होत नाही, आणि अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर कोठेही निळा डाग दिसला तर डॉक्टरांनी तो पाहायलाच हवा. यावरून तुमच्या मुलाला कोणी मारले, असा निष्कर्ष मी काढत नाही. पलंगाच्या कडेवर तिरके पडल्यावरही कानामागे लागू शकते. मला जास्त अस्वस्थ करते ती हळद. कोणीतरी ते टेंगूळ पाहिले, मूल रडताना ऐकले, वाटीत हळद कालवून लावली, आणि तरीही संध्याकाळी मूल तुमच्या हाती देताना त्याविषयी एक शब्द काढला नाही. डोक्याला मार लागल्यावर पहिल्या काही तासांत लक्ष ठेवण्याची संधीच त्यामुळे तुमच्याकडून हिरावली गेली. विश्वास तुटण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

काकूंशी एकदा समोरासमोर बोलावे, आणि ते बोलणे रागाच्या भरात, दारात उभे राहून होऊ नये. पतींना सोबत न्या आणि एकेक गोष्ट विचारा. मूल किती वाजता, कोठे आणि कशावर पडले, तेव्हा खोलीत मोठे कोण होते, हळद कोणी लावली आणि आम्हांला का कळवले नाही? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका आणि घरी आल्यावर त्याच दिवशी ते तारखेसह लिहून काढा. भाचीला मात्र स्वतंत्रपणे गाठून उलटतपासणी करू नये. ती स्वतः अल्पवयीन आहे आणि तिच्यावर आठ मुलांचा भार टाकणाऱ्या मोठ्या माणसांकडेच याचा जाब मागायला हवा. पाळणाघरात कॅमेरा असेल तर त्या दिवसाचे चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी लगेच आणि लेखी करावी, कारण घरगुती यंत्रांत काही दिवसांनी जुन्या चित्रीकरणावर नवे नोंदले जाते आणि मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

पोलिसांकडे कधी जावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात असणार. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि त्यानंतर राज्यभर पालक हादरले होते. बाल न्याय अधिनियम २०१५ मधील कलम ७५ नुसार मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला किंवा त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले आणि त्यामुळे मुलाला यातना होण्याची शक्यता निर्माण झाली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने हे केले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढते. मारहाणीचा संशय येण्याजोगी खूण असेल, अशी इजा पुन्हा झाली असेल किंवा इतर पालकांचाही तसाच अनुभव असेल, तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला किंवा ११२ क्रमांकावर कळवावे; जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती पुढची चौकशी करतात. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. अशा वेळी मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये आणि त्याचे कपडे धुऊ नयेत. तुम्ही सांगितलेल्या हकीकतीत माझ्या मते आज निष्काळजीपणा आणि लपवाछपवी दिसते, क्रूरता दिसत नाही. काकूंच्या उत्तरांनंतर तुमचे मत बदलले, तर १०९८ ला फोन करताना कचरू नका. मदतवाहिनीला शंका कळवण्यासाठी पुरावा हाती असावा लागत नाही.

कूलरविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तुमचा मुलगा आता तिथे जात नसला तरी उरलेली सात मुले त्याच खोलीत आहेत आणि नागपूरचा उन्हाळा सुरू झाला आहे. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्याच्या टाक्यात बुडालेला पंप, जुनी वायर आणि भोवतीची ओली फरशी हे सगळे एकत्र आले, की वायरचे आवरण एका ठिकाणी जरी खरडले गेले असेल तरी संपूर्ण पत्र्यात वीज उतरू शकते, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात असे अपघात घडतात. मोठा माणूस झटका बसला तर हात मागे घेऊ शकतो. ओल्या पायांनी उभे राहून दोन्ही हातांनी जाळी धरलेले दीड वर्षाचे मूल ते करू शकत नाही. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालू असलेले अर्थिंग हवे, घराच्या जोडणीवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवलेला हवा, पाणी भरण्यापूर्वी प्लग काढलेला हवा आणि कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर असला तर सर्वांत उत्तम. त्याच खोलीत पाण्याने भरलेली बादली असेल तर तीही उचलायला सांगावी. रांगते मूल टाचभर पाण्यातही बुडू शकते. हे सर्व काकूंना तुमच्या पत्रात वेगळा परिच्छेद करून लिहावे आणि ज्या आईने तुम्हाला खरे काय ते सांगितले, तिलाही सांगावे. तिच्या मुलीचे हित तिच्या हातात आहे.

आता करारपत्राकडे वळू. ते मुद्रांकावर नसले तरी करार अस्तित्वात आहेच. तोंडी ठरलेला व्यवहारसुद्धा करार असतो. त्या एका पानावर तुमच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचे वाक्य पहिलेच आहे: ‘मुलांची देखभाल मी स्वतः करीन.’ हे वचन काकूंनी मोडले. पूर्वसूचनेची अट ही कोणतीही तक्रार नसताना, बदली झाली किंवा आजी घरी आली म्हणून मूल काढून घेणाऱ्या पालकांसाठी असते. मूळ वचनच मोडल्यामुळे ज्याला तडकाफडकी मूल काढावे लागले, त्याच्यावर ती लावता येणार नाही, असा दावा तुम्ही ठामपणे करू शकता. शिवाय कराराच्या शब्दांत पूर्वसूचना न देण्याचा परिणाम केवळ अनामत जप्त होणे एवढाच लिहिला आहे. आणखी १३,००० रुपये देण्याचा उल्लेख त्या पानावर कोठेच नाही, तेव्हा ती मागणी विचारातसुद्धा घेऊ नका.

अनामत जप्तीबाबतही कायदा काकूंना वाटतो तितका त्यांच्या बाजूचा नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ मधील कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आधीच ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात मिळते ती तेवढ्या मर्यादेतील वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात भरपाई मिळण्यासाठी काही नुकसान झालेले असणे आवश्यक आहे, हे स्पष्ट केले. तुमच्या मुलाच्या जागी पुढच्याच आठवड्यात दुसरे मूल आले असेल, तर काकूंचे नुकसान फार तर काही दिवसांच्या शुल्काचे ठरेल. ‘इजा झाल्यास पाळणाघर जबाबदार राहणार नाही’ या वाक्याला तर घाबरूच नका. पैसे घेऊन मूल सांभाळणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा एका ओळीने सुटता येत नाही. सही करतानाच अशी ओळ खोडून घ्यायला हवी होती, हे मात्र खरे, आणि पुढच्या पाळणाघरात ती चूक करू नका.

भांडण न वाढवता पहिले पाऊल म्हणून साधे पत्र पाठवावे. ते मी पुढीलप्रमाणे लिहिले असते:

‘दि. १८ मार्च रोजी संध्याकाळी आमच्या मुलाच्या उजव्या कानामागे सूज आढळली व त्यावर हळद लावलेली होती. या इजेची माहिती आपण आम्हांस दिली नाही. त्या दुपारी मुलांची देखभाल आपण स्वतः करीत नव्हता, असे आम्हांस कळले आहे. यामुळे करारपत्रातील पहिल्या अटीचा भंग झाला असून दि. १९ मार्चपासून हा करार आम्ही संपवला आहे. मार्च महिन्याचे शुल्क आम्ही पूर्ण भरलेले आहे व त्यातील उरलेल्या दिवसांची रक्कम आम्ही मागत नाही. अनामत रक्कम १३,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावी, ही विनंती.’

पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. मार्चच्या उरलेल्या दिवसांचे पैसे सोडण्याचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. त्याने तुमची बाजू समंजस दिसते आणि काकूंनाही मान राखून तडजोड करायला जागा मिळते. त्या नऊ-दहा हजारांवर तयार झाल्या तर मी तुमच्या जागी ते स्वीकारून पावती घेतली असती. दोन गल्ल्यांवरचे घर आहे, या सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहेच.

पंधरा दिवसांत काही झाले नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार शुल्क घेऊन दिलेली सेवा ही ‘सेवा’च असते, मग ती देणाऱ्याकडे नोंदणीचा कागद असो वा नसो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील असावाच असे बंधन नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. सेवेतील त्रुटी आणि अनामत परत मिळणे एवढीच मागणी जिल्हा आयोगाकडे मांडावी. करारातील अट मुळातच अन्याय्य आहे, ही स्वतंत्र तक्रार राज्य आयोगाच्या कक्षेत येते आणि तेरा हजारांसाठी तो फाटा फोडण्यात अर्थ नाही. आयोगाकडेही मध्यस्थीची सोय आहे. त्याहून सोपा मार्ग हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि खटला दाखल होण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना बोलावून वाद लोकअदालतीत मिटवता येतो. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरील संभाषण द्यायचे झाल्यास केवळ छायाचित्र पुरत नाही, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन बदलू किंवा विकू नका.

पतींच्या मनातला संताप मी समजू शकते, पण कॉलनीच्या गटावर काहीही टाकू नये. तिथे एकदा ‘मारहाण’ हा शब्द पडला की तो परत घेता येत नाही, आणि सिद्ध न झालेल्या आरोपावरून अब्रुनुकसानीची तक्रार झाली तर तुमचा सगळा जोर स्वतःच्या बचावात जाईल. मुलाचे उघडे फोटो दोनशे अनोळखी फोनांत जाणे हेही मला मान्य नाही. ज्या सात मुलांचे पालक तिथे येतात, त्यांना प्रत्यक्ष भेटून, तुम्ही स्वतः पाहिले तेवढेच सांगा.

प्रश्न : मी नंदनवन भागात बारा वर्षांपासून घरीच पाळणाघर चालवते. नेहमी पालकांच्याच बाजूने लिहिले जाते म्हणून हे पत्र. एका मुलीचे वडील साडेसहाऐवजी रोज रात्री साडेआठला येतात. दोन महिन्यांचे शुल्कही दिलेले नाही. मागच्या आठवड्यात तापाचे औषध पाजून मुलीला माझ्याकडे सोडले आणि दुपारी ताप चढल्यावर दोघांचेही फोन लागत नव्हते. शुल्क मिळेपर्यंत मुलीला त्यांच्या हाती देऊ नये, असे शेजारणी सुचवतात. मी तसे करू शकते का?

— एक पाळणाघरचालिका

उत्तर : ताई, नाही, हे चुकूनही करू नका. थकलेल्या पैशांसाठी कोणाचेही मूल अडवून ठेवता येत नाही. तसे केले तर फौजदारी तक्रार तुमच्यावर होईल आणि तुमची बारा वर्षांची मेहनत एका संध्याकाळी मातीमोल होईल. तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. पालकांच्या उशिरामुळे तुमच्या स्वतःच्या घरातला स्वयंपाक, तुमच्या मुलांचा अभ्यास आणि तुमची विश्रांती रोज दोन तास मागे पडते, आणि त्याचा कोणी हिशेब ठेवत नाही.

त्या वडिलांना लेखी कळवा की थकलेले शुल्क अमुक तारखेपर्यंत मिळाले नाही तर त्यानंतरच्या दिवसापासून मुलीला घेतले जाणार नाही. तारीख पंधरा दिवसांनंतरची ठेवा म्हणजे त्यांना दुसरी सोय करता येईल. उशिरासाठी अर्ध्या तासामागे किती आकार लागेल, हे सर्वच पालकांना एकाच वेळी लेखी कळवून पुढच्या महिन्यापासून लागू करा. एकट्या या कुटुंबाला लावले तर ते सूड उगवल्यासारखे दिसेल. ताप असलेले मूल घेणार नाही आणि औषध पालकांनी नाव, मात्रा व वेळ लिहून सही केल्याशिवाय देणार नाही, हा नियम दारावरच लावावा. प्रत्येक मुलासाठी आई-वडिलांखेरीज आणखी एक असा फोन क्रमांक घ्या, जो दुपारी दोन वाजता नक्की उचलला जाईल.

आणि एक वही ठेवा. साधी दोनशे पानी वही चालते. कोण किती वाजता आले, काय जेवले, किती वेळ झोपले, कोठे पडले, काय लावले, आणि संध्याकाळी मूल कोणाच्या हाती दिले, त्याची सही. वरच्या पत्रातील काकूंनी ‘दुपारी सव्वातीनला पलंगावरून पडला, कानामागे लागले, हळद लावली’ एवढी एक ओळ लिहून संध्याकाळी आईची सही घेतली असती, तर बहुधा हा वाद इथवर आला नसता. तुम्ही किती मुले घेता, हे पत्रात लिहिलेले नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस असे प्रमाण आहे. माझ्या मते घरी एकटीने सांभाळायचे तर दहा हा आकडा फार मोठा आहे. रांगती मुले असतील तर चार-पाचांवर थांबावे आणि शुल्क त्या मानाने थोडे वाढवावे. पालक कुरकुर करतील, पण ज्यांना मुलाची काळजी आहे ते देतील. बाहेर जायची वेळ आली तर मागे सज्ञान आणि मुलांना ओळखीची बाई ठेवा, आणि ती कोण आहे हे पालकांना आधी सांगा.

प्रश्न : धरमपेठेत आम्ही दोघे वृद्ध नातवासह राहतो, मुलगा व सून दिवसभर कामावर असतात. एका एजन्सीने घरी आया पाठवली आणि एका महिन्याच्या पगाराइतके, १२,००० रुपये कमिशन घेतले. आया नवव्या दिवशी निघून गेली. एजन्सी ना दुसरी आया देते, ना पैसे परत करते. आयेच्या विरुद्धही तक्रार करावी का?

— एक आजोबा

उत्तर : आजोबा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घरी येऊन तुमच्या सांगण्याप्रमाणे काम करणाऱ्या आयेचा आणि तुमचा संबंध वैयक्तिक सेवेचा आहे आणि तो ग्राहक कायद्यात बसत नाही. एजन्सीने मात्र कमिशन घेऊन सेवा विकली आहे. बदली आया देण्याचे आश्वासन पावतीवर, संदेशात किंवा जाहिरातीत असेल तर ते दाखवून वर सांगितलेल्या मार्गानेच, आधी लेखी मागणी आणि मग १९१५, असे पुढे जावे. एजन्सीने आयेची पोलीस पडताळणी केली होती का आणि तिचे ओळखपत्र घेतले होते का, हेही लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही, आणि ते न येणेच तुमच्या तक्रारीला बळ देते.

बाई का गेली, हे मात्र तिला एकदा विचारा. पत्रात तुम्ही लिहिले आहे की नातवाला सांभाळण्यासोबत तिला भांडी आणि दोन वेळचा स्वयंपाकही सांगितला जात होता. एजन्सीने तिला तसे सांगितले होते का, याचे उत्तर तिच्याकडूनच मिळेल आणि कदाचित ते एजन्सीविरुद्ध तुमच्याच कामी येईल. तिच्या नऊ दिवसांचा पगार महिना १२,००० च्या हिशेबाने ३,६०० रुपये होतो. तो अजून दिला नसेल तर एजन्सीला पत्र पाठवण्यापूर्वी तिला देऊन टाका.